कागद दाबायची हार्डडिस्क

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो, हे भंडाऱ्याच्या कचेरीसमोरच्या सगळ्या टपऱ्यांना माहीत आहे. तिथंच माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. एक खोली, एक मशीन, एक कॉम्प्युटर, एक पंखा. पंखा लावला की कागद उडतात आणि बंद केला की गिऱ्हाईक पळतं. म्हणून गठ्ठ्यांवर ठेवायला मी वजनं जमवून ठेवली आहेत. कारध्याच्या नदीतला एक गुळगुळीत गोटा, एक किल्ली हरवलेलं कुलूप, आणि नवऱ्याच्या जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेली हार्डडिस्क.

हार्डडिस्क या कामाला फार चांगली. चपटी, चौकोनी आणि वजनानं चांगली दणकट. नवरा काविळीनं आठवड्याभरात गेला, आणि त्याच्यामागं वर्षभरानं त्याचा कॉम्प्युटरही गेला. भंगारात डबा देताना मेकॅनिकनं ती आतून काढून माझ्या हातात ठेवली. "वहिनी, भाऊचा सगळा डाटा यातच हाय. फेकू नका." मी फेकली नाही. कोऱ्या प्रतिज्ञापत्रांच्या गठ्ठ्यावर ठेवून दिली. आठ वर्षं तिनं मुकाट्यानं कागद दाबले आणि मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग मुलगी बारावी झाली आणि तिला सरकारी नर्सिंग कॉलेजात जागा लागली. पोरीनं स्वतःच्या डोक्यानं मिळवलेली जागा. मी पेढे वाटले, शेजारच्या स्टॅम्पवाल्याशी माझं सहा महिन्यांचं भांडण होतं, त्यालाही दिला. आणि दुसऱ्याच दिवशी कॉलेजातून सांगणं आलं की शुक्रवारपर्यंत जात पडताळणीचा अर्ज भरल्याची पावती आणा, नाहीतर राखीव जागा गेली. खुल्या जागेतून शिकवायची माझी ऐपत नव्हती. म्हणजे पावती नाही तर नर्सिंग नाही, सरळ हिशेब.

मी स्वतः दुसऱ्यांचे असे अर्ज भरून पोट भरते. मला माहीत होतं काय लागतं ते. घरातल्या कोणाचा तरी पन्नास सालाच्या आधीचा कागद लागतो, ज्यावर जात लिहिलेली आहे. आणि आमच्या घरात असा एकच कागद होता. माझ्या आजेसासऱ्यांचा, म्हणजे नवऱ्याच्या आजोबांचा, शाळेचा दाखला. सगळे त्यांना मोठे आबा म्हणत.

जरा विचार करा. ज्या जातीच्या नावाचं ओझं खाली टाकायला मोठ्या आबांनी छप्पन साली धम्म घेतला, त्याच नावाचा शिक्का असलेला कागद त्यांच्या पणतीनं गावभर शोधत फिरायचं. तुम्हाला आम्ही पूर्वी खाली बसवत होतो हे तुम्हीच सिद्ध करून दाखवा, असं सरकार सांगतं. आणि सिद्ध करायचा कागद ज्यांच्या पेटीत आहे, ते माझे भासरे. नवऱ्याचे सख्खे मोठे भाऊ.

तो दाखला त्यांच्याकडे कसा गेला, तेही सांगते, म्हणजे माझा राग फुकटचा नाही हे कळेल. त्यांच्या मुलाला इंजिनियरिंगला जायचं होतं तेव्हा ते आमच्याकडे आले होते. नवऱ्यानं सुटी टाकली, गावच्या शाळेतून मोठ्या आबांच्या दाखल्याचा उतारा काढून आणला, घरी स्कॅन केला. वंशावळ मी टाइप केली. प्रतिज्ञापत्र मी टाइप केलं. फाइल मी शिवली. त्यांच्या मुलाला जात पडताळणीची व्हॅलिडिटी मिळाली, तो पुण्याला नोकरीला लागला, आणि उतारा मोठ्या भावाच्या पेटीत राहिला. मोठा भाऊ आहे, ठेवू दे, असं माझा नवरा म्हणाला. तो असाच होता.

पुढे नवरा गेला. जलदानाचा विधी झाला, पाहुणे पांगले, आणि मी सातबाऱ्यावर मुलीचं नाव लावा म्हटलं. बस. तेव्हापासून त्या घरात मला पाणी विचारणं बंद झालं.

तरी मी गेले. सोमवारी सकाळच्या बसनं आंधळगावला उतरले आणि तिथून ऑटोनं सासरच्या गावात. भासरे पडवीतच बसले होते. मी पदर घेतला, वाकले, सगळं केलं.

"भाऊजी, मोठ्या आबांचा दाखला पाहिजे होता. झेरॉक्स काढून आजच्या आज परत आणून देते."

त्यांनी पानाचा डबा उघडला, बंद केला. म्हणाले, "थो कागद सापडून नाई राहिला."

"मी शोधते ना. पेटी कुठं आहे मला माहीत आहे."

"पेटीले हात लावाचा नाई." मग खरं बोलले. "आज कागद नेसान, उद्या वकील आनसान. पोट्टीले शिकवाचं असन तं शिकवा. आमचा कागद कायले पाहिजे?"

आमचा कागद! मोठे आबा काय यांच्या एकट्याचे होते? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "तुमच्या पोराची फाइल माझ्या या दहा बोटांनी टाइप केली भाऊजी. तेव्हा आमची होती काय, तुमची होती काय, असं मी नाही विचारलं." जाऊबाई आत भांडी आपटत होत्या, त्या बाहेर आल्या नाहीत. मीही मग पदर खाली सोडला आणि उठले. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण पुस्तकातली नाही, आमच्या घरातली आहे.

उठताना नजर पडवीच्या कोपऱ्यात गेली. मी लग्न होऊन आले तेव्हा मोठे आबा त्याच कोपऱ्यात बसायचे. सत्तरीच्या पुढचे, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा, आणि रोजचा पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचायचे. मी नवी सून, म्हणून मला शाळेची गोष्ट सांगायचे. किती वेळा सांगितली असेल, कोण जाणे. त्यांना वर्गात बसू देत नव्हते. बाहेर ओसरीखाली, जिथं छपराचं पाणी गळतं तिथं ते पाटी घेऊन बसत. आतला गुरुजी काय शिकवतो ते कान लावून ऐकत. सकाळी हजेरी होई, आतली पोरं "हजर" म्हणत, आणि आपलं नाव आलं की तेही बाहेरून बेंबीच्या देठापासून ओरडत, "हजर!"

"एक दिवस शाळा नाई बुडवली म्या," ते छातीवर हात ठेवून सांगत. "रोवन्याच्या दिवसातई नाई. माय म्हने, चाल बांधीत, धानाचे चार पऱ्हे लाव. म्या म्हनो, शाळा सुटली का येतो."

"मग दुसरीतच शाळा का सुटली आबा?" मी एकदा विचारलं होतं.

"सुटली नाई. नाव काढून टाकलं गुरुजीनं. काहून काढलं, थे मले कोनी कधी सांगितलंच नाई." आणि ते हसले होते. म्हातारी माणसं अशा गोष्टी हसून सांगतात, आणि आपणही मूर्खासारखं हसतो.

आता भासऱ्यांनी हात वर केले, तर शाळा होतीच. तिथूनच नवऱ्यानं उतारा काढला होता. मी तशीच चालत शाळेत गेले. हेडमास्तर नवे होते, चांगले बोलले, चहा मागवला. आणि चहा यायच्या आतच काम होणार नाही म्हणून सांगून टाकलं.

"जुनी रजिस्टरं सुटी झाली बाई. वाळवीनं खाल्ली, पानं कुठल्या कुठं. रजिस्टर नंबर सांगा, मंग काढून देतो. बिना नंबरानं कोन चाळन?"

"मी चाळते. इथंच बसून चाळते."

"बाहेरच्या माणसाले रजिस्टर देता येत नाई. नियम हाय."

"नंबर उताऱ्यावर असतो. उतारा असता तर मी तुमच्याकडे कशाला आले असते?"

त्यांनी चहा माझ्याकडे सरकवला. मी चहा तिथंच ठेवून निघाले. मंगळवारी भंडाऱ्याच्या शिक्षण ऑफिसात विचारलं की उताऱ्याची नोंद तुमच्याकडे राहते काय, तर बाबूनं मान न उचलता सांगितलं, "जिल्हा तुटला तेव्हा गोंदियाले गेलं असन." आमच्याकडे कोणताही कागद सापडला नाही की हेच उत्तर. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा तुटून वर्षं झाली, पण बाबू लोकांच्या तो आजही कामी येतो. मी म्हटलं, आमचा मोहाडी तालुका गोंदियात कधीपासून गेला? तेव्हा त्यानं मान उचलली आणि लंच टाइम झाला.

दुकानात येऊन मी खुर्चीवर धपकन बसले. मुलगी तिथंच होती, गिऱ्हाइकाचे आधार कार्ड झेरॉक्स करून देत होती. मी सगळं सांगितलं, म्हणजे ओरडून सांगितलं. भासऱ्यांना, हेडमास्तरांना, बाबूला, सगळ्यांना एका दमात शिव्या घातल्या. ती शांत ऐकत होती. तिचा स्वभाव बापावर गेला आहे, त्याचाही मला कधीकधी राग येतो.

"आई, बाबानं स्कॅन केला होता म्हणते ना तू?"

"हो."

"मग तो बाबाच्या कॉम्प्युटरमध्ये असेल."

"बाबाचा कॉम्प्युटर भंगारात गेला."

तिनं प्रतिज्ञापत्रांच्या गठ्ठ्यावरची हार्डडिस्क उचलली आणि माझ्यासमोर ठेवली. पंख्यानं वरचे चार कागद उडून रस्त्यावर गेले. मी ते गोळा करायलाही उठले नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा. आठ वर्षं मी जिच्यावर चहाचे कप ठेवले, तिच्यात तो नंबर होता, आणि मी पदर घेऊन भासऱ्यांच्या पाया पडून आले होते.

बस स्टँडमागे त्याच मेकॅनिकचं दुकान अजून आहे. आता त्याचे केस पांढरे झाले आणि तो मोबाइलही दुरुस्त करतो. आम्ही दोघी दुकानातला नवा कॉम्प्युटर रिक्षात घालून, हार्डडिस्क रुमालात गुंडाळून त्याच्याकडे गेलो. कॉम्प्युटर कशाला नेला म्हणाल, तर माझा आता कोणावरच विश्वास उरला नव्हता. जे काय उघडायचं ते माझ्याच मशीनवर उघडेल.

त्यानं हार्डडिस्क उलटीपालटी केली. "वहिनी, हे पट्ट्याच्या वायरवाली हाय. नव्या कॉम्प्युटरमधे हिची जागाच नसते."

"मग?"

"कन्व्हर्टर लागन. एका बाजूनं हे लागते, दुसऱ्या बाजूनं यूएसबी. हिले करंटबी अलग द्यावा लागते. भंडाऱ्यात कोनाकडे नसन, नागपूरले सांगतो."

कन्व्हर्टर बुधवारी दुपारी नागपूरच्या बसच्या कंडक्टरच्या हातून आला. शुक्रवार तोंडावर. मेकॅनिकनं एक टोक हार्डडिस्कला लावलं, वेगळ्या अडॅप्टरनं करंट दिला, दुसरं टोक माझ्या कॉम्प्युटरला. आठ वर्षांनी ती आतून घरघरली. मी कान जवळ नेला. नवरा रात्रपाळी करून आला की तोच आवाज घरात असायचा.

पण पडद्यावर काही आलं नाही.

त्यानं सगळं काढून हार्डडिस्कच्या मागच्या काट्यांमध्ये अडकवलेला बारीक प्लॅस्टिकचा तुकडा चिमट्यानं काढला. "हे स्लेव्हवर लावलेली होती. मास्टरवर घ्यावी लागन."

"म्हणजे?"

"एका वायरवर दोन डिस्का असल्या का एक मालक अन् एक गुलाम. गुलामाची असली का एकटी चालत नाई कधी कधी."

मी म्हटलं, "यंत्रालाही सोडलं नाही का रे बाप्पा यांनी?" तो हसला. मुलगी हसली नाही. त्यानं तो तुकडा एका काट्यानं सरकवून बसवला आणि पुन्हा करंट दिला.

या वेळी आली. एकदम दोन खिडक्या उघडल्या. एका खिडकीत जुनी डी ड्राइव्ह, सगळी फोल्डरं दिसत होती. दुसऱ्या खिडकीत जुनी सी ड्राइव्ह, आणि तिच्यात एकच प्रश्न, की ही डिस्क वापरण्याआधी फॉर्मॅट करावी लागेल, म्हणजे सगळी पुसावी लागेल, करू काय? आणि मेकॅनिकचा हात, वीस वर्षांच्या सवयीचा हात, माउसवर होता आणि बाण त्या होकाराच्या बटणाकडे निघाला होता.

मी त्याच्या मनगटावर फटका मारला. चांगला जोरात. "खबरदार!"

"अवो वहिनी, सवय हाय," तो मनगट चोळत म्हणाला. "दाबत नव्हतो."

दाबत होता. आपल्याकडच्या मेकॅनिकांना एकच औषध येतं. कॉम्प्युटर हळू चालतो, फॉर्मॅट मारा. व्हायरस आला, फॉर्मॅट मारा. गाणं वाजत नाही, फॉर्मॅट मारा. सी उडते आणि डी वाचते. म्हणून तर आपल्याकडे ज्यानं ज्यानं घरी कॉम्प्युटर घेतला त्याला पहिला धडा हाच मिळतो, की महत्त्वाचं असेल ते डीमध्ये ठेवायचं, सीच्या भरवशावर राहायचं नाही. मला हा धडा टायपिंग क्लासच्या सरांनी दिला होता, मी तो नवऱ्याला शंभरदा दिला होता.

डीमध्ये आम्ही एकेक फोल्डर उघडलं. मी टाइप केलेली बायोडाटांची ढीगभर पानं. मुलीच्या वाढदिवसाचे फोटो, त्यात तिच्या तोंडाला केक. गाणी. त्याच्या युनियनची पत्रं. दाखला नाही. पुन्हा वरून खाली पाहिलं. नाही.

"डेस्कटॉपवर ठेवला असेल," मुलगी हळूच म्हणाली.

आणि मला एकदम माहीत झालं की तिथंच ठेवला असणार. आमची सगळ्यात जास्त भांडणं या एका गोष्टीवरून झाली होती. नवरा सगळं डेस्कटॉपवर ठेवायचा. त्याच्या पडद्यावर मागचं चित्र कधी दिसायचंच नाही, नुसती पिवळी फोल्डरं. मी म्हणायची, अरे, डेस्कटॉप म्हणजे सीच. उद्या उडालं तर रडशील. तो म्हणायचा, "समोर दिसलं पाहिजे बापा. आत ठेवलं का मले सापडत नाई." आता तो गेला होता, त्याचं सगळं समोर ठेवलेलं सीमध्ये होतं आणि सी फॉर्मॅट मागत होती. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, तरी त्या दुकानात मी मनातल्या मनात त्याच्याशी कडकडून भांडले. एवढा शहाणा होतास तर एक कॉपी डीमध्ये टाकायला काय झालं होतं तुला? आणि जाताना एवढी घाई काय होती?

डोळे पुसले. मेकॅनिकनं पाहिलं नाही असं दाखवलं, तेवढी अक्कल त्याला होती. त्यानं काळा पडदा उघडून दुरुस्तीची आज्ञा लिहिली. पांढरी अक्षरं खालून वर सरकू लागली. अडकली की आम्ही तिघंही श्वास धरायचो, सरकली की सोडायचो. मध्येच एक माणूस मोबाइलची काच बदलायला आला. मी त्याला म्हटलं उद्या या, जसं काही दुकान माझंच आहे.

तासाभरानं सी उघडली. नवऱ्याच्या नावाच्या फोल्डरवर टिचकी मारली, तर म्हणे तुम्हाला परवानगी नाही. मला परवानगी नाही! त्याची बायको मी! मेकॅनिक म्हणाला, "तसं नाई वहिनी, जुन्या कॉम्प्युटरचं कुलूप हाय, पुढे जा म्हना." पुढे गेलो. हिरवी पट्टी हळूहळू भरली, आणि डेस्कटॉप उघडला. पिवळी फोल्डरं, रांगेनं. त्यातल्या एकाचं नाव होतं "मोठ्या भाऊचे काम".

मोठ्या भाऊचे काम. मी त्या नावाकडे पाहून परत पेटणार होते, तेवढ्यात मुलीनं ते उघडलं. आत माझी वंशावळ, माझं प्रतिज्ञापत्र आणि एक फोटो. फोटो उघडला. शाळेच्या छापील नमुन्यावर शाईनं लिहिलेला उतारा. मी सवयीनं बोट जातीच्या रकान्यावर ठेवलं. होतं, जुनं नाव, ठळक. जन्मतारीख, होती. वर कोपऱ्यात रजिस्टर नंबर, स्वच्छ वाचता येणारा. मी तो हातावर पेननं लिहून घेतला, मग कागदावर, मग मोबाइलमध्ये. मेकॅनिकला म्हटलं, याच्या चार कॉप्या कर, एक डीमध्ये, एक पेनड्राइव्हमध्ये, एक मोबाइलमध्ये, एक तुझ्याकडे. मी हसत होते, वाटतं.

मुलगी हसत नव्हती. ती फोटो मोठा करून अजून वाचत होती.

"आई, मोठे आबा रोज शाळेत जायचे ना? तूच सांगितलं होतं."

"रोज. एक दिवस बुडवली नाही म्हणायचे."

तिनं पडद्यावर शेवटच्या रकान्याला बोट लावलं. शाळा सोडल्याचे कारण. त्याच्यापुढे वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "सतत गैरहजर. नाव कमी केले."

हा कागद मी हातात धरला होता. याच्यावरून वंशावळ टाइप केली होती. माझ्या नवऱ्यानं तो स्कॅन केला, भासऱ्यांनी तो पेटीत ठेवला, पडताळणीच्या कमिटीनं त्याच्यावर शिक्का मारला. एकानंही शेवटपर्यंत वाचला नाही. आम्हा लोकांची वाचायची सवयच तशी, जातीच्या रकान्यावर बोट ठेवायचं आणि पन्नासच्या आधीचा आहे ना, झालं, फाइलला लावा. रोज दुसऱ्यांचे शंभर कागद हाताखालून जातात, त्यातला हा एक समजून मीही सोडून दिला. आणि म्हातारा माणूस पडवीत बसून विचारत राहिला की काहून काढलं. उत्तर एका ओळीचं होतं. तो तिथं छपराच्या पाण्याखाली बसून रोज ओरडत होता आणि आतला माणूस रोज फुली मारत होता. ऐकू येत नव्हतं असं नाही. दहा हातांवरचं ऐकू येत नाही काय?

मेकॅनिकनंही वाचलं. तो आमच्यातला नाही. तो एवढंच म्हणाला, "बहुत खराब लिहिलं जी." आणि कॉप्या करू लागला. पैसे घ्यायला तयार होईना, मी टेबलावर ठेवून निघाले.

गुरुवारी मी शाळेत गेले, मुलीला घेऊन. नंबर सांगितला. हेडमास्तरांनी शिपायाला आत पाठवलं आणि चहा पिऊन होण्याच्या आत शिपाई रजिस्टर घेऊन आला. सुटी पानं, पण ते पान जागेवर होतं. वाळवीनं कडा खाल्ल्या होत्या, शेवटचा रकाना शाबूत होता. वाळवीही नेमकं नको तेच ठेवते. हेडमास्तर उतारा लिहायला बसले. जात लिहिली, तारीख लिहिली, आणि शेवटच्या रकान्याशी आले.

मी म्हटलं, "सर, ते मोठ्यानं वाचा."

"कोनतं?"

"शेवटचं. माझ्या मुलीला ऐकू द्या."

त्यांनी वाचलं. मग चष्मा काढला. "बाई, तेव्हा अशी लिहायची पद्धतच होती. सगळ्यांचं असंच लिहिलेलं हाय. पाहा ना." आणि त्यांनी पान माझ्याकडे सरकवलं, त्याच रजिस्टराचं पान, जे सोमवारी बाहेरच्या माणसाला देता येत नव्हतं. खरंच होतं. आमच्या वस्तीतल्या नावांपुढे एकाखाली एक, तीच ओळ. सतत गैरहजर. सतत गैरहजर. सतत गैरहजर.

माझ्या तोंडात त्या गुरुजीसाठी जे आलं ते मी शाळेत बोलून मोकळी झाले. इथं लिहीत नाही. हेडमास्तरांनी खाली मान घालून ऐकलं. त्यांची चूक नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं, पण ज्याची होती तो समोर नव्हता. शिक्का मारून त्यांनी उतारा दोन्ही हातांनी मुलीला दिला.

परत निघताना भासऱ्यांच्या घरासमोरून गेलो. ते पडवीतच होते. मी थांबले. वाटलं होतं की उतारा नाचवून दाखवीन, चांगलं सुनावीन. पण मुलगीच पुढे गेली आणि म्हणाली, "मोठे बाबा, तुमच्या पेटीत जो दाखला आहे ना, तो शेवटपर्यंत वाचा. मोठ्या आबांनी विचारलं होतं ते त्यात लिहिलेलं आहे." त्यांचा पानाचा डबा हातात तसाच राहिला.

शुक्रवारी पडताळणीच्या ऑफिसात ही गर्दी. खिडकीतला बाबू यादीतून नावं पुकारत होता आणि अर्जदार आला की रजिस्टरात खूण करत होता. आतल्या बाकड्यांवर जागा नव्हती. आम्ही बाहेर व्हरांड्यात, पायरीवर बसलो होतो. वरून एसीचं पाणी टपटप गळत होतं. मुलीच्या मांडीवर फाइल होती, आणि ती फाइल नाही तर कोणीतरी माणूस असावं तशी ती दोन्ही हातांनी धरून बसली होती.

दुपार झाली तेव्हा तिचं नाव आलं. आतून, पुटपुटल्यासारखं.

ती उठून उभी राहिली आणि तिथूनच, पायरीवरूनच, बेंबीच्या देठापासून ओरडली, "हजर!"

अख्खं ऑफिस वळून पाहायला लागलं. माझी एवढी शांत पोरगी. बाबूच्या हातातला पेन थांबला.

"अवो बाई, एवढ्या जोऱ्यात कायले वरडून राहिल्या? इथंच तं बसलो हावो."

"ऐकू आलं ना?" तिनं विचारलं.

"आलं ना जी."

"मग लिहा."

त्यानं खाली मान घातली आणि लिहिलं. तो लिहीत होता तोवर ती खिडकीशी उभी राहून त्याच्या पेनाकडे पाहत राहिली, आणि माझ्या डोळ्यांना काही दिसेना म्हणून मी पायरीवरच बसून राहिले.